काचेवरची दुसरी चिठ्ठी

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेल्या किमतीची चिठ्ठी लावणे १९५८ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. नुकतीच बाजारात आलेली आणि सर्वत्र मागणी असलेली एक गाडी पाहायला मी एका विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा या चिठ्ठीला खेटून दुसरी, साध्या प्रिंटरवर काढलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून, म्हणजे मागणी जास्त असल्याने वाढवलेले, ५,००० डॉलर आणि त्याखाली दारांच्या कडांच्या पट्ट्या, चाकांची कुलुपे व टायरमधील नायट्रोजन यांचे मिळून आणखी १,४०० डॉलर लावलेले होते. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो; त्याचे वेगळे पैसे मागितलेले पाहून मला मनस्वी चीड आली.

गाडी दाखवणाऱ्या तरुणाला तिची बारीकसारीक माहिती होती आणि त्याने फेरीही घाई न करता मारू दिली, हे नमूद केलेच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. आदल्या दिवशी फोनवर किंमत विचारली असता मला फक्त कंपनीचा आकडा सांगण्यात आला होता. पट्ट्या आणि कुलुपे नकोत असे मी म्हटल्यावर, ती आधीच बसवलेली असल्याने काढता येणार नाहीत, असे व्यवस्थापकांनी सांगितले.

छापील किमतीपेक्षा जास्त मागणे मुळात बेकायदा नाही, कारण छापील किंमत केवळ सुचवलेली असते आणि विक्रेते हे स्वतंत्र व्यावसायिक असतात. गाड्यांमध्ये लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईमुळे गाड्या कमी पडू लागल्यावर ही वाढ इतकी बोकाळली, की २०२२ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांना आपल्याच विक्रेत्यांना गाड्यांचा पुरवठा कमी करण्याची तंबी द्यावी लागली. परंतु जास्त किंमत मागणे कायद्यात बसते म्हणून ग्राहकाला शोरूमपर्यंत आणून मग खरा आकडा दाखवणे मला अजिबात मान्य नाही.

शेवटी दोन तासांच्या अंतरावरील दुसऱ्या विक्रेत्याने कर आणि कागदपत्रांच्या शुल्कासह एकूण रक्कम ईमेलवर ओळीओळीने लिहून दिली. गाडी छापील किमतीलाच होती आणि अनामत परत मिळण्याची अटही त्यात होती. गाडीसाठी चार महिने थांबावे लागले. पहिल्या विक्रेत्याकडे जायचेच असेल, तर अशी लेखी रक्कम हाती आल्याशिवाय घराबाहेर पडू नका.