जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा हम: सगळे कॅपॅसिटर बदलावेत की बिघाड शोधावा?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, गिटार ॲम्प घुमू लागला, म्हणजेच त्यातून सततचा हम येऊ लागला की जाणकार मंडळी दोनपैकी एक सल्ला देतात. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (वीज साठवणारे, आत द्रव असलेले भाग) एकजात बदलून टाका, हा पहिला; आवाज कोणत्या टप्प्यात शिरतो ते शोधून तेवढेच दुरुस्त करा, हा दुसरा. मी एका ॲम्पवर पहिला मार्ग धरला आणि दुसऱ्यावर दुसरा.

पहिल्या मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. इलेक्ट्रोलिटिकमधला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो, आणि सप्लायचे (वीज पुरवणाऱ्या भागाचे) मोठे फिल्टर कॅपॅसिटर थकले की १०० हर्ट्झची रिपल, म्हणजे विजेत उरलेली लहर, स्पीकरपर्यंत पोहोचते. ॲम्प दर आठवड्याला कार्यक्रमांना नेणार असाल, किंवा तो कित्येक वर्षे माळ्यावर बंद पडून असेल, तर सगळे कॅपॅसिटर बदलणे शहाणपणाचे ठरू शकते, हे मी मान्य करतो.

माझे मन फिरले ते एकाच त्रासामुळे. त्या काळातले तपकिरी, एकाच बाजूला तांबे असलेले बोर्ड वारंवारची उष्णता सहन करत नाहीत आणि सोल्डर काढताना तांब्याची चकती बोर्डापासून सुटते. मी अठ्ठावीस कॅपॅसिटर बदलले. जुना हम गेला, पण चार दिवसांनी बारीक, चिरका असा नवाच आवाज सुरू झाला. अठ्ठावीस कॅपॅसिटर म्हणजे छप्पन्न सांधे, आणि संशय त्यांतल्या प्रत्येकावर! दोन रविवार खर्ची पडल्यावर, टेबललॅम्पच्या उजेडात बोर्ड तिरका धरला तेव्हा ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक शून्य-व्होल्ट जोडणीच्या) एका सांध्यालगत तांब्यात केसाएवढी भेग दिसली. ती मूळची नव्हती, दुरुस्तीनेच पडली होती.

दुसऱ्या ॲम्पच्या वेळी म्हणूनच सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मी नुसते ऐकले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि रिपल तिच्या दुप्पट असल्याने गिटार हेच चांगले मापक ठरते: सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो, म्हणून हम त्याच्या जवळपास आणि काहीसा करकरीत असेल तर साधारणतः फिल्टर कॅपॅसिटरवर संशय घ्यावा, आणि तो एक सप्तक खाली, मऊ असेल तर ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राकडे पाहावे. मग व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही हम तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा) किंवा सप्लायमध्ये असतो. व्हॉल्यूमबरोबर वाढला तर त्याच्या अलीकडे. मागे पॉवर ॲम्प इनचा जॅक असेल तर त्यात शॉर्ट केलेला, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना जोडलेला, प्लग घालून हीच खात्री पुन्हा करता येते. शिवाय त्या जॅकचा आतला संपर्क गंजल्यानेही खरखर होते, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

माझ्या ॲम्पचा हम खालच्या सप्तकातला होता आणि व्हॉल्यूमबरोबर वाढत होता. इनपुटमधला प्लग बोटाने किंचित हलवला की तो थांबे. जॅक थेट बोर्डावर बसवलेला होता, आणि त्याच्या ग्राउंडच्या पायाभोवती सोल्डरला गोल तडा गेला होता. ताज्या सोल्डरचा एक थेंब पुरला. एकही कॅपॅसिटर दोषी नव्हता.

हिसच्या, म्हणजे सततच्या ‘स्स्स’ आवाजाच्या, बाबतीत मात्र दोन्ही मार्गांकडून माफकच अपेक्षा ठेवावी. १९७५ साली आलेल्या रोलँड जेसी-१२० या ॲम्पच्या कोरसमध्ये (आवाज दाट करणाऱ्या इफेक्टमध्ये) ध्वनी बकेट-ब्रिगेड, म्हणजे तो किंचित उशिरा पुढे देणाऱ्या, चिपमधून जातो. तिची सौम्य हिस मूळ रचनेतलीच असल्याने नवे कॅपॅसिटर ती घालवत नाहीत.

कोणताही मार्ग धरला तरी ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे २३० व्होल्ट आहेत हे लक्षात असू द्यावे, फिल्टर कॅपॅसिटर रोधकातून रिकामे करावेत, पहिल्यांदा वीज सिरीज लॅम्पमधून, म्हणजे वाटेत जोडलेल्या बल्बमधून, द्यावी, आणि हम घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन कधीही काढू नये.

निवड अर्थात ज्याची त्याची. मी मात्र आता आधी ऐकतो. हम १०० हर्ट्झचा वाटला तर फिल्टरची जोडी तेवढी बदलतो, आणि ॲम्प पुन्हा चालू करून ऐकल्याशिवाय तिसऱ्या कॅपॅसिटरला हात लावत नाही.