जनऔषधी केंद्र, सांगली : आक्काच्या गोळ्यांचा दीड वर्षाचा हिशेब

माझी थोरली बहीण, आमची आक्का, हरिपूरला राहते. तिला बहात्तरावे वर्ष लागले आहे. उमेदीची सगळी वर्षे हळदीच्या गोदामांत हळद निवडण्यात गेल्यामुळे तिला ना फंड मिळाला ना पेन्शन. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये एवढेच तिचे हक्काचे उत्पन्न आहे, आणि त्यातूनच तिला चार प्रकारच्या गोळ्या घ्याव्या लागतात : सकाळी बीपीची टेल्मिसार्टन ४०, जेवणासोबत दोन वेळा शुगरची मेटफॉर्मिन एसआर (पोटात हळूहळू विरघळणारी) ५००, दिवसातून एकदा शुगरचीच सिटाग्लिप्टिन ५० आणि रात्री कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन १०. गोळ्यांचे पैसे मी देतो असे म्हटले की, ‘माहेरचं साडीचोळीपुरतं बरं, गोळ्या माझ्या मी घेईन,’ हे तिचे उत्तर ठरलेले असते. त्यामुळे पैसे तिचे, आणि हिशेब माझा, कारण एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून मी तीस वर्षे काढली असून आकडे लिहून ठेवण्याची खोड अजून गेलेली नाही. गेल्या दीड वर्षापासून आम्ही या गोळ्या सांगलीतील एका जनऔषधी केंद्रातून, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतील दुकानातून, आणतो आणि हे परीक्षण त्या अनुभवाचे आहे. दुकानाचा पत्ता मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचे आहे त्यातील बरेचसे त्या एकाच दुकानापुरते नाही.

त्याआधीची स्थिती सांगितल्याशिवाय केंद्राचे मोल कळणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडची नावे असत आणि नेहमीच्या मेडिकलमध्ये महिन्याची सगळी औषधे घेतली तर बिल हजार रुपयांच्या आसपास जाई. पंधराशेतले हजार औषधालाच गेले तर गॅस, वीज आणि वाण्याची उधारी कशातून भागवायची, हा प्रश्न आक्काने तिच्या पद्धतीने सोडवला होता : ती चार-चार दिवसांच्या गोळ्या घेत असे. दुकानदार कात्रीने पट्टी कापून चार गोळ्यांचा तुकडा देई, आणि बहुतेक वेळा औषधाचे नाव एका तुकड्यावर राही तर मुदतीची तारीख दुसऱ्यावर. एकदा तिच्या पिशवीत मला असे सात तुकडे सापडले, त्यांपैकी तिघांवर केवळ कंपनीच्या नावाची शेवटची दोन अक्षरे होती. त्यातली कोणती बीपीची, हे तिला ‘गुलाबी ती बीपीची’ एवढ्याच खुणेवरून ठाऊक होते.

जनऔषधी योजना २००८ साली केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने सुरू केली. २०१६ पासून ती प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना या नावाने चालते आणि देशभरात तिची पंधरा हजारांहून अधिक केंद्रे झाली आहेत. येथे औषध ब्रँडच्या नावाने नव्हे तर मूळ घटकाच्या नावाने विकले जाते, आणि बाजारातील आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्यापेक्षा अधिक किंमत लावायची नाही, असा तिचा नियम आहे. प्रत्यक्षात बहुतेक गोळ्यांचा फरक निम्म्याहून बराच मोठा असतो. टेल्मिसार्टनच्या दहा गोळ्या आम्हाला बारा रुपयांच्या आसपास मिळतात; ब्रँडच्या दहा गोळ्यांना सत्तर-पंचाहत्तर मोजत होतो. सिटाग्लिप्टिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचे पेटंट २०२२ च्या जुलैत संपले आणि सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या, तेव्हा ब्रँडच्या तशाच पाकिटाला १६० ते २५८ रुपये पडत होते. आक्काचे महिन्याचे एकूण बिल आता तीनशेच्या आत बसते.

पहिल्या दिवशी ते बिल पाहून तिला आनंद होण्याऐवजी शंकाच आली. ‘एवढ्या स्वस्तात गुण येतोय व्हय रं?’ असे तिने दुकानातच मोठ्याने विचारले, आणि काउंटरवरच्या फार्मासिस्ट मुलीने न रागावता तिला पट्टी उलटी करून घटकाचे नाव दाखवले, जुन्या तुकड्यावरचे बारीक अक्षरांतले नाव वाचून दाखवले आणि ‘आजी, कंटेंट तोच आहे, फक्त जाहिरातीचा खर्च यात नाही,’ असे सांगितले. जनऔषधीची औषधे डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांचे) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांतून घेतली जातात आणि प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांकडे पाठवण्याची पद्धत आहे. तरीही शंका असू नये असे मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रक यंत्रणा दरमहा निकषांत न बसलेल्या औषधांची यादी जाहीर करते आणि तीत स्वस्त-महाग दोन्ही प्रकारची औषधे सापडतात, त्यामुळे किंमत हा दर्जाचा पुरावा कोणत्याच बाजूने होत नाही. आम्ही आमच्यापुरते एवढेच केले की, बदल केल्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) तपासले आणि दर पंधरा दिवसांनी बीपी वहीत लिहिले. दोन्ही पूर्वीच्याच पातळीवर राहिले. एका म्हातारीच्या रिपोर्टवरून योजनेची पारख होत नसते हे मला कळते, पण आक्काची शंका त्याने फिटली.

चिठ्ठीची अडचण मात्र प्रत्येकाला येणार, म्हणून ती नीट सांगतो. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर त्याऐवजी दुसरे औषध आपल्या अधिकारात देण्याची मुभा फार्मासिस्टला नाही. औषध नियमांतील ६५ व्या नियमात तशी मनाई आहे, आणि या केंद्रातील मुलगी ती काटेकोरपणे पाळते. डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाच्या नावानेच लिहावे, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. त्यामुळे आपणच डॉक्टरांना ‘घटकाचे नाव लिहून द्याल का’ असे विचारावे लागते. आमच्या डॉक्टरांनी हसत लिहून दिले. सगळेच देतील असे नाही, आणि पदर सावरून उभी असलेली म्हातारी बाई हा प्रश्न स्वतःहून विचारेल अशी अपेक्षा करणे तर फारच झाले. एका गोळीत दोन-तीन औषधे असलेली जोडगोळी चालू असेल तर तेच नेमके मिश्रण केंद्रात मिळतेच असे नाही. आणि मेटफॉर्मिनची साधी गोळी व एसआर गोळी या एक नव्हेत, तेव्हा नुसते ‘शुगरची पाचशेची’ म्हणून काहीही घेऊन येऊ नये.

जेनेरिक म्हणून बाजारात आणखी एक प्रकार मिळतो, त्याच्याशी या केंद्राची गल्लत होऊ नये. त्या गोळ्यांच्या पाकिटावर भरमसाट एमआरपी छापलेली असते आणि दुकानदार ‘तुमच्यासाठी साठ टक्के सूट’ म्हणत ती देतो. ती सूट ओळखीवर, चेहऱ्यावर आणि घासाघीस करण्याच्या ताकदीवर अवलंबून असते, आणि आक्कासारखीला घासाघीस भाजीच्या बाजारात जमते, औषधाच्या दुकानात जमत नाही. जनऔषधीच्या पट्टीवर छापलेली किंमत हीच खरी किंमत असते. तिथे कोणाला विनवावे लागत नाही, आणि मला विचाराल तर या केंद्राचा हा गुण स्वस्ताईइतकाच मोठा आहे.

आता दोषाकडे येतो. या दुकानात माल वेळेवर नसतो. दीड वर्षांत अठरा वेळा महिन्याची खरेदी झाली, त्यांपैकी सात वेळा चारपैकी किमान एक गोळी ‘शॉर्ट’ होती. गेल्या पावसाळ्यात मी पुण्याला मुलाकडे असताना आक्का एकटीच वडापने (शेअर गाडीने) सांगलीत आली, तेव्हा नेमकी टेल्मिसार्टन शॉर्ट होती. ‘आजी, सोमवारी येईल,’ असे तिला सांगण्यात आले. सोमवारी ती पुन्हा आली आणि पुन्हा रिकाम्या हाताने गेली. जाण्यायेण्याचे दोन वेळचे भाडे गोळ्यांच्या किमतीहून अधिक झाले होते. शेजारच्या मेडिकलमध्ये ब्रँडची पट्टी होती, पण एकदा बारा रुपये भाव कळल्यानंतर पंचाहत्तर रुपये मोजायला तिचा हात पुढे होईना. मग तिने घरातल्या शिल्लक गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मी परतल्यावर सवयीप्रमाणे गोळ्या मोजल्या. हिशेबाने चार उरायला हव्या होत्या, डब्यात अकरा होत्या. बीपी १७० वर गेले होते. तिला तेव्हा डोके दुखण्यापलीकडे काही झाले नाही, हे केवळ नशीब. गोळी स्वस्त असून फळीवर नसली की म्हातारे माणूस महाग गोळीकडे वळत नाही, ते गोळीविनाच राहते, ही गोष्ट मला त्या अकरा गोळ्यांनी शिकवली.

दुकानदाराशी मी यावर बोललो. कानाला कडू लागेल असेच बोललो, पण त्याची बाजूही नोंदवली पाहिजे. केंद्रचालकाला कर वगळून एमआरपीवर वीस टक्के मिळतात. बारा रुपयांच्या पट्टीवर त्याला दोन-सव्वादोन रुपये सुटतात, तर तेवढ्याच टक्केवारीने ब्रँडच्या पट्टीवर तेरा-चौदा. सरकारकडून खरेदीच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम मिळते, तरीही एवढ्याशा नफ्यावर दुकानभाडे, फार्मासिस्टचा पगार आणि फळीवर अडकलेला माल सांभाळायचा म्हणजे तो हात राखूनच माल मागवणार. वर गोदामातूनच एखादे औषध उशिरा आले की त्याच्या हातात काही राहत नाही. हे सगळे मान्य करूनही माझी तक्रार उरतेच. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांचे गिऱ्हाईक ठरलेले असते आणि त्यांची तारीखही ठरलेली असते. एका वहीत पन्नास म्हाताऱ्यांची नावे, गोळ्या आणि फोन नंबर लिहून ठेवले तर कोणाला किती लागणार हे महिन्याआधी कळेल आणि माल नसेल तर वडापचे भाडे तरी वाचेल. मी अशी वही आखून देऊ केली, त्याने ती हसून ठेवून घेतली. अजून ती कोरीच आहे.

दुसरा दोष लहान असला तरी म्हाताऱ्यांना नडणारा आहे. केंद्राच्या पट्ट्या दिसायला एकसारख्या, आतल्या गोळ्याही बऱ्याचशा पांढऱ्या, आणि पुरवठादार बदलला की आकार बदलतो. ‘गुलाबी ती बीपीची’ ही आक्काची खूण पहिल्याच महिन्यात निकालात निघाली. त्यावर तोड म्हणून तिने आईचा पितळी पानाचा डबा काढला. कात-चुन्याच्या खणांत आता सकाळच्या आणि रात्रीच्या पट्ट्या असतात, सुपारीच्या खणात जेवणासोबतच्या, आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर मी मार्करने सूर्य किंवा चंद्र काढून देतो. बोट दाखवून समजावण्यात केंद्रातील मुलगी कधी कंटाळत नाही, हे येथे कृतज्ञतेने लिहितो.

केंद्रात जाण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात. ज्यांचे तेवढ्यावर भागते त्यांनी तीनशे रुपयेही घालवू नयेत. सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाबद्दल मात्र आमच्या गल्लीत मोठा गैरसमज आहे. पाच लाखांचे ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. आक्काही ते कार्ड घेऊन एकदा काउंटरवर उभी राहिली होती.

किमतीला आणि वागणुकीला पाचपैकी पाच, मालाच्या उपलब्धतेला दोन, असे माझे गुण आहेत. तरीही आम्ही केंद्र सोडलेले नाही, आणि त्याचे कारण पुन्हा किंमतच आहे. चार-चार गोळ्या कापून घेणाऱ्या बाईला महिन्याचा साठा करणे कधी परवडले नव्हते. आता तीनशेत महिना निघतो म्हटल्यावर आम्ही दोन महिन्यांतून थोडे थोडे जास्त घेत एका महिन्याचा जादा साठा जमवला. मुदत पाहून जुनी पट्टी पुढे आणि नवी मागे ठेवायची, आणि घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की दुकानात फोन करायचा, हा आमचा नियम आहे. २०१९ च्या महापुरात हरिपुरात पाणी शिरले तेव्हा आक्का दोन जोडी लुगडी आणि रेशनकार्ड घेऊन बाहेर पडली होती, गोळ्यांचे तुकडे घरातच राहिले होते. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने जादा पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, रेशनकार्डाच्या पाकिटातच ठेवल्या आहेत. त्यात सिटाग्लिप्टिनची एक पट्टी कमी आहे. दुकानातून सोमवारी येईल असे सांगितले आहे.