स्लीव्हनंतर टर्झेपॅटाइड, ७ महिन्यांनी: औषध चांगलं, पण पेन थंड राहतंय का?

टर्झेपॅटाइडच्या इंजेक्शनचं नवं पेन घरपोच आलं ते गोठलेल्या जेल पिशवीला थेट चिकटून. मध्ये ना पुठ्ठा, ना कापड. विक्रेत्याचं म्हणणं एकच, "थंडच तर आलंय, बदलून कशाला हवं?" हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की नंतर वितळलं तरी टाकून द्यायचं असतं. पत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण औषध विकणाऱ्याच्या डोक्यात 'जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं' हेच पक्कं बसलेलं असतं. महिन्याला एवढे पैसे मोजून पेन घ्यायचं आणि ते चांगलं आहे की वाया गेलंय हे नुसत्या नजरेने कळणार नाही, ही या औषधाची सगळ्यात मोठी खोट आहे. औषधाच्या गुणांपेक्षा या एका गोष्टीवर इथे जास्त लिहिलं जाईल, आणि ते मुद्दाम.

स्लीव्हला, म्हणजे लठ्ठपणासाठी जठर कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला, पाच वर्षं झाल्यावर परत चढलेलं वजन, त्यावर टर्झेपॅटाइड ७ महिने, पहिले दोन महिने एका डोसच्या कुपीतून आणि नंतर पेनमधून, असा हा वापर. हे भूक आणि वजन कमी करणारं, आठवड्यातून एकदा टोचायचं औषध आहे, आणि अंगाला सवय व्हावी म्हणून ते २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. मौंजारो नावाने ते मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५ रुपये होती. म्हणजे ५ वर राहिलं तर चार आठवड्यांचे १७,५००. ऑगस्ट २०२५ मध्ये चार डोसचं पेन आलं, आणि २२ सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाल्यावर थोडा दिलासा मिळाला. तरीही रक्कम मोठीच.

आता बिघडलेल्या पेनचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध काय, ते सांगतो. पेन उन्हात तापलं किंवा गोठलं तर आतलं औषध कमजोर होतं, पण दिसायला ते पाण्यासारखं स्वच्छच राहू शकतं. दोन आठवड्यांनी भूक परत येते, रात्री शेव-चिवड्याच्या डब्याकडे हात जातो. काट्यावर वजन थांबलेलं दिसतं. मग 'डोस पुरत नाही' असं वाटून ५ वरून ७.५ वर जायचं ठरतं. पुढचं पेन मात्र नीट थंड आलेलं, पूर्ण ताकदीचं असतं. मधले तीन-चार आठवडे शरीराला औषध जवळपास मिळालेलंच नाही, त्यामुळे अंगवळणी पडलेली सवय मोडलेली असते. अशा वेळी ७.५ चा पहिला डोस नेहमीच्या पोटालाही जड जातो. स्लीव्हच्या पोटात जागा फार तर एखाद्या लहान वाटीएवढी. त्यात औषधाने पोट रिकामं व्हायचा वेग आणखी कमी होतो. परिणामी दिवसभर उलट्या, पाणीही टिकत नाही. पैसे दुप्पट गेले आणि माणूस सलाईनवर.

म्हणून 'भूक परत आली' असं वाटलं तर डोस वाढवायच्या आधी पेनची चौकशी करा. कुठून आलं, वाटेत किती तास होतं, फ्रीजमध्ये कुठे होतं? टोचताना सुईच्या टोकाशी थेंब राहिला का? जेवणाची जागा पटकन घसरून जाणाऱ्या पदार्थांनी घेतली का? चहा-खारी, आइस्क्रीम, फरसाण, साबुदाण्याची खिचडी अशा गोष्टी छोट्या पोटातूनही भराभर जातात आणि पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. हे सगळं तपासून झाल्यावर डॉक्टरांशी डोसचं बोला. सलग दोन-तीन डोस चुकले किंवा वाया गेले असतील तर आधीच्याच आकड्यावर परत न जाता खालून सुरू करायचं का, हेही विचारा. एखादाच डोस चुकला तर नियम सोपा आहे: ठरलेल्या दिवसापासून चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर तो सोडून पुढच्या वाराला घ्या.

फ्रीजबद्दल. घराघरांत असतो तो एका दाराचा फ्रीज, ज्यात वर बर्फाचा कप्पा आणि त्याखाली चिलर ट्रे. त्या ट्रेमध्ये पेन ठेवू नका, तिथलं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे ओलावा गोठतो. दारातही नको, दर वेळी दार उघडलं की तिथे गरम हवा लागते. जागा मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, पेनच्या मूळ खोक्यासकट. डब्यात एक छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवा, कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा. तीन-चारशे रुपयांचा हा खर्च इतर कुठल्याही खर्चाआधी करायचा. पहिले दोन दिवस पेन न ठेवता नुसता थर्मामीटर ठेवून बघा. किमान आकडा २ च्या खाली गेला तर फ्रीजची कळ एक घर कमी करा. उन्हाळ्यात वाढवलेली कळ पावसाळ्यात तशीच राहते आणि जुलैत पेन गोठतं, हा नेहमीचा घोटाळा आहे.

वीज गेली तर बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो, म्हणून दार उघडून बघत बसू नका. वापरायला काढलेलं पेन ३० अंशांच्या खाली असेल तर बाहेर ३० दिवस चालतं आणि त्यानंतर औषध शिल्लक असलं तरी टाकायचं. पण नागपूर, अकोला, परभणीत एप्रिल-मेमध्ये खोलीच ३० च्या वर असते, तेव्हा 'बाहेर चालतं' हे वाक्य तिकडे लागू नाही. लांबच्या वीजकपातीत जुनी दोन मडक्यांची युक्ती उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या पोकळीत वाळू भरून ती ओली ठेवायची, पेन बंद पिशवीत घालून लहान मडक्यात, वर ओलं फडकं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पाणी उडून आतला भाग चांगला गार होतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत मात्र ही युक्ती जवळपास निकामी ठरते, कारण पाणी उडतच नाही. दोन्हीकडे आत थर्मामीटर ठेवूनच विश्वास ठेवा. विमानाने जाताना पेन हातातल्या बॅगेत, कधीही खालच्या सामानात नाही.

टोचण्याची पद्धत सोपी आहे, पण घाई नडते. पेनला दर वेळी नवी सुई लावायची, ४ मिलिमीटरची पुरते. सुई वर करून पेनवर टिचकी मारा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. बटण दोन 'टिक' होईपर्यंत फिरवा, पूर्ण दाबा, दाबून ठेवत सावकाश ५ मोजा आणि सुईच्या टोकाला औषध दिसतंय का बघा. हे प्रत्येक डोसआधी करायचं, फक्त पहिल्यांदा नाही. मग बटण अडेपर्यंत फिरवा, खिडकीत १ दिसला पाहिजे. बेंबीपासून पाच सेंटिमीटर लांब पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला टोचा, बटण पूर्ण दाबा, परत सावकाश ५ मोजा आणि मगच सुई काढा. शस्त्रक्रियेच्या छिद्रांचे व्रण टाळा, तिथली त्वचा घट्ट असते. सुई लगेच काढून पेनचं टोपण लावा. सुई तशीच राहिली तर औषध गळतं, हवा आत शिरते आणि पुढचा डोस अपुरा पडतो.

चार डोसनंतरही पेनमध्ये थोडं औषध दिसतं. ते सुरुवातीच्या 'टिक-टिक' साठी दिलेलं जास्तीचं असतं. इतक्या महाग औषधाचे थेंब टाकताना जीव तुटतो, हे खरं आहे. तरीही ते सिरिंजने ओढून 'पाचवा डोस' करू नका. मात्रा मोजता येत नाही, जंतू आत जाण्याचा धोका असतो, आणि छोट्या पोटाला अंदाजाने दिलेला डोस परवडत नाही.

कुपीबद्दलचं मत मात्र मधेच बदललं. पहिल्या दोन महिन्यांत कुपी म्हणजे नसती कटकट वाटत होती: सिरिंज वेगळी, आधी ०.५ मिलि हवा आत सोडायची, मग बरोबर ०.५ मिलि ओढायचं, इन्सुलिनच्या यू-१०० सिरिंजवर ते ५० चं चिन्ह. कुपीत संरक्षक रसायन नसतं, म्हणून एक कुपी म्हणजे एकच डोस, उरलेलं जपून ठेवायचं नाही. पेन हातात आलं तेव्हा सुटका झाल्यासारखं वाटलं. आता हिशेब उलटा वाटतो. पेन बिघडलं तर चार आठवडे पाण्यात, कुपी बिघडली तर एकच. २.५ सोसतच नाही असं निघालं तर कुपीत एका आठवड्याचेच पैसे गेले. त्यामुळे कुपी मिळत असेल तर पहिला महिना आणि कडक उन्हाळा कुपीवर काढावा, दिवाळीनंतर पेन घ्यावं.

औषध काम करतं का? करतं, आणि ठळकपणे करतं. डोक्यात दिवसभर चाललेला खाण्याचा विचार थांबतो. पण मोठ्या चाचण्यांतल्या टक्क्यांवर स्वतःला मोजू नका. टर्झेपॅटाइडच्या सरमाउंट-१ चाचणीत आधी लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेले लोक घेतलेच नव्हते. शस्त्रक्रियेनंतर कमी वजन उतरलेल्यांवर लंडनमध्ये झालेल्या बारी-ऑप्टिमाइज चाचणीत याच कुळातलं लिराग्लुटाइड ३ मिलिग्रॅम २४ आठवडे दिलं, तेव्हा वजन सरासरी ८.८ टक्के उतरलं, औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन दिलेल्या गटात ०.५ टक्के. हा आकडा आपल्या परिस्थितीशी जास्त जवळचा आहे. शिवाय सुरू करण्याआधी एंडोस्कोपी करून पोट ताणलंय का, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) आहे का हे बघणं पैसे वाचवणारं ठरतं. स्लीव्हनंतर ज्यांना आधीच आम्लपित्त आहे, त्यांना पोट मंदावल्यावर छातीत जळजळ वाढते. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी आटपावं लागतं.

खरी मेहनत टोचल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत असते. भूक नसते, म्हणून सगळ्यात आधी प्रथिनं आणि पाणी बुडतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं भाताने आणि चार घास भाजीने होत नाहीत. १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८, एका अंड्यातून ६, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून १५ च्या आसपास, व्हे प्रथिन पावडरीच्या चमच्यातून २० ते २५ ग्रॅम मिळतात. ताटात हे आधी, पोळी नंतर. पाणी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून घोटाघोटाने, जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. संकष्टी-एकादशीचा वार बदलत राहतो, म्हणून टोचायचा वार तिच्या आदल्या दिवशी येतोय का हे आधीच बघून ठेवा. बद्धकोष्ठता झाली तर इसबगोल वाटीभर पाण्यात घेऊन बसू नका, अरुंद पोटात ते फुगून अडकू शकतं. डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या. कॅल्शियम सायट्रेट एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब, आणि लोहाजवळ चहा नको.

उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त टिकल्या तर पुढची ओळ घरातल्यांनाही पाठ असू द्या: ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१). शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, पायाला मुंग्या, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं आहेत. गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजची बाटली लगेच लावतात, म्हणून पाकिटात मराठीत लिहिलेला कागद ठेवा: कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी, कोणतं इंजेक्शन, शेवटचा डोस कधी, आणि आधी थायमिन. ज्यांची लठ्ठपणासाठी पोटाची बायपास झाली आहे त्यांनी पोटात कळ आणि उलटी एकत्र आली तर 'इंजेक्शनची मळमळ' म्हणून घरी थांबू नये. आतडं आत अडकलेलं असू शकतं, आणि तिथे तास महत्त्वाचे असतात. पाठीत जाणारी जोरदार कळ स्वादुपिंडाची, उजव्या बरगडीखालची पित्ताशयाची असू शकते. भूल द्यायच्या कुठल्याही प्रक्रियेआधी इंजेक्शन चालू आहे हे सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी सुरू करताना आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरा उपायही वापरावा.

पुढचं पेन शेवटच्या डोसच्या चार दिवस आधी घ्यायचं, घरपोच नाही. दुकानात जाऊन त्यांच्या फ्रीजमधला थर्मामीटर बघायचा, बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यायचा. थर्मासमध्ये तळाला जेल पिशवी, त्यावर दुहेरी घडीचा टॉवेल, त्यावर पेन. मेमध्ये हे काम सकाळी दुकान उघडताच.