व्हिटॅमिन सी सीरम: शुद्ध घ्यावं की सौम्य?

मुरुमांचे काळे डाग आणि उन्हाने रापलेला चेहरा यांसाठी व्हिटॅमिन सी घ्यायचं ठरलं, तरी दुकानात पुढचा प्रश्न उभा राहतोच. एका बाटलीवर एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड लिहिलेलं असतं, दुसरीवर इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड किंवा सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत दोन्हींवर व्हिटॅमिन सीच, म्हणून बाटली उलटी करून मागची यादी वाचा.

पहिलं, म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, हे शुद्ध रूप. सर्वाधिक संशोधन याच्यावर झालंय आणि लवकर फरक हवा असेल तर ताकद यातच आहे. पण ते त्वचेत शिरायला सीरमचा पीएच ३.५ च्या खाली लागतो, म्हणजे चांगलंच आम्ल. त्यामुळे नाजूक त्वचेला चुणचुण होते, लाली येते. प्रमाण १० ते २० टक्के पुरतं. त्यापुढे फायदा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ३० टक्क्यांच्या बाटलीला जास्त पैसे मोजू नका.

दुसरी अडचण टिकण्याची. हवा, उजेड आणि उष्णता लागली की हे रूप बिघडतं. पाण्यासारखं सीरम आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी तपकिरी होतं. तपकिरी झालेलं टाकून द्या, कितीही महाग असो. मुंबई-कोकणातल्या दमट उकाड्यात न्हाणीघरातल्या फळीवर ते फार दिवस तग धरणार नाही. छोटी, गडद रंगाची बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड (वनस्पतींत सापडणारं एक अँटिऑक्सिडंट) असेल तर उत्तम. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये डुकराच्या त्वचेवर दाखवलं, की १५ टक्के सी आणि १ टक्का ई यांच्या जोडीला अर्धा टक्का फेरुलिक घातलं, की उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर जातं.

दुसऱ्या बाटलीवरची ती सौम्य रूपं. ती त्वचेत गेल्यावर व्हिटॅमिन सीमध्ये बदलतात. किती बदलतात हे रूपागणिक वेगळं, आणि पुरावाही तुलनेने कमी. फरक दिसायला धीर हवा. पण ती सहसा झोंबत नाहीत आणि बाटली जास्त टिकते. मुरुमं येणाऱ्या त्वचेवर ५ टक्के सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचा उपयोग अभ्यासांत दिसलाय.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदाच वापरणार असाल, तर सौम्य रूपापासून सुरुवात करा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर नुसत्या जळजळीनेही नवा काळा डाग उमटतो. डाग घालवायला घेतलेल्या सीरमनेच डाग पडावा, हे फार वाईट. त्वचा राठ आणि सोसणारी असेल, फ्रिजमध्ये ठेवायची शिस्त असेल, तर शुद्ध रूप घ्या. दोन्हींपैकी काहीही आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा.

दोन्ही झोंबत असतील तर ५ टक्के नायसिनमाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३ चं एक रूप, बघा. ते डागांवर काम करतं आणि स्वस्तही पडतं.

सीरम सकाळी लावा आणि वर सनस्क्रीन हवंच. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर सनस्क्रीन घ्या. वांग असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि लिंबू चोळू नका. त्याचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊन महिनोन्महिने न जाणारे काळे चट्टे राहू शकतात.