बीएस्सी केमिस्ट्रीसाठी अकरावीत गणित की बायोलॉजी?
आमचा कौल गणिताला. अमेरिकेत सॅडलर आणि ताय या संशोधकांनी 2007 मध्ये हेच दाखवलं: शाळेत जास्त गणित केलेल्यांचे गुण कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हींत चांगले, एका विज्ञानाची तयारी मात्र दुसऱ्यात फारशी कामी येत नाही.

बायोलॉजीवाले अडतात ते अभिक्रियेच्या वेगापाशी. प्रथम कोटीत (वेग संहतीच्या, म्हणजे द्रावणातल्या पदार्थाच्या प्रमाणाच्या, समप्रमाणात असतो तेव्हा) संहतीचा 10 पायाचा लॉग वेळेसमोर मांडायचा, रेषेचा चढ काढायचा, त्याचं ऋण चिन्ह सोडून 2.303 ने गुणायचं, की वेग स्थिरांक मिळतो. हा आकडा नैसर्गिक लॉगवरून 10 पायाच्या लॉगवर येताना लागतो. नुसता पाठ असला की नेमका तोच गळतो. पुढे क्वांटम केमिस्ट्रीला डिफरन्शियल समीकरणं आहेतच.

गणितवाल्यांना पेशी, एन्झाइम नवीन, पण ते वाचून भरून निघतं. बायोकेमिस्ट्री डोक्यात असेल तर दोन्ही ठेवा.