डिचोली की बिचोलिम: गोव्यातल्या वेबसाइटसाठी गूगल सर्च कन्सोल

होमस्टे असो, कोकमाचं आगळ विकणारं दुकान असो, देवस्थानची समिती असो की भाड्याने स्कूटर देणारा, गोव्यात ज्याची वेबसाइट आहे त्याने एसईओवर, म्हणजे साइट शोधात वर आणण्याच्या कामावर, पहिला रुपया घालवण्याआधी गूगल सर्च कन्सोल लावून घ्यावं. पैसे पडत नाहीत, आणि लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत पोचतात हे खुद्द गूगलच्या हिशेबातून दिसतं. पूर्वी याला वेबमास्टर टूल्स म्हणत. मे २०१५ मध्ये नाव बदललं, आणि आजचं रूप २०१८ पासूनचं. आमच्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का राखून ठेवलाय ते आकड्यांपाशी आल्यावर कळेल.

लावताना दोन पर्याय समोर येतात, 'डोमेन' आणि 'यूआरएल प्रीफिक्स'. डोमेनच घ्या. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता, नसलेला पत्ता, एचटीटीपी, एचटीटीपीएस असं सगळं एकाच खात्यात येतं. डोमेन जिथून विकत घेतलं तिथे लॉग-इन करून डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या, पानावर नवी नोंद टाकायची: प्रकार टीएक्सटी, होस्टच्या खान्यात फक्त @, व्हॅल्यूच्या खान्यात गूगलने दिलेली लांबलचक ओळ जशीच्या तशी. चुकतं ते हमखास होस्टच्या खान्यात. तिथे पूर्ण डोमेन टाइप केलं की बऱ्याच ठिकाणची यंत्रणा त्याच्या शेवटी डोमेन परत जोडते आणि नोंद भलत्याच नावावर बसते. नोंद पोचायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवस. व्हेरिफाय झालं म्हणून ती ओळ मागाहून पुसू नका. गूगल अधूनमधून ती आहे का बघतं, आणि सापडली नाही तर मालकी जाते.

आता मुख्य गोष्ट. गोव्यात एकेका गावाला दोन-तीन नावं. पाटीवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, तोंडात मराठी-कोंकणी नाव, आणि बाहेरून येणारा पाहुणा रोमन अक्षरं बघून जे वाचतो ते तिसरंच. डिचोलीचं बिचोलिम, पेडण्याचं पेर्नेम, साखळीचं सांक्वेलिम, काणकोणचं कानाकोना, म्हापशाचं मापुसा, हरमलचं आरांबोल. पणजी आणि पंजिम एकच हे गूगलला चांगलं कळतं. लहान वाड्यांच्या बाबतीत तेवढा भरवसा धरू नये. तुमच्या पानावर कुठलं स्पेलिंग हवं हा प्रश्न मग अंदाजाने सोडवला जातो, नाहीतर डिझायनरच्या मर्जीने. सर्च कन्सोलचा 'परफॉर्मन्स' रिपोर्ट उघडला की अंदाजाची गरज उरत नाही.

तिथे क्वेरीच्या, म्हणजे टाइप झालेल्या शोधांच्या, फिल्टरमध्ये 'कस्टम रेजेक्स' (अक्षरांचा नमुना देऊन गाळणं) निवडा आणि [अ-ह] एवढंच टाका. देवनागरीत टाइप झालेले शोध वेगळे निघतात. मराठी, कोंकणी, हिंदी एकत्रच येतात, पण 'कुठे', 'खंय' आणि 'कहाँ' या शब्दांवरून कोण विचारतंय ते लगेच ओळखता येतं. पुढची पायरी गावाच्या नावाची, आणि इथे मराठीची विभक्ती आडवी येते. फिल्टरमध्ये 'म्हापसा' लिहिलंत तर 'म्हापशात खोली' हा शोध निसटतो, कारण 'सा'चा 'शा' झाला. म्हणून नाव अर्ध्यावर तोडायचं: 'म्हाप', 'पेडण', 'फोंड', 'डिचोल'. 'पेडण' लिहिलं की पेडणे, पेडण्यात, पेडण्याहून आणि कोंकणीतलं पेडणें एका जाळ्यात सापडतं. मधे उभी दांडी, म्हणजे |, घालून त्याच ओळीत रोमन स्पेलिंगंही जोडता येतात.

काही नावं मात्र गंमत करतात. नुसत्या 'पणजी'त आजीची आई येते, 'साखळी'त सोन्याची चेन, 'फोंडा'त सिंधुदुर्गातला फोंडाघाट. पानाला इंप्रेशन (निकालात दिसण्याच्या वेळा) भरपूर आणि क्लिक जवळजवळ शून्य असेल तर आधी ही भेसळ तपासा. त्याच फिल्टरमध्ये 'रेजेक्सशी जुळत नाही' हाही पर्याय आहे, त्याने 'सोन्याची', 'घाट' वगैरे बाजूला काढता येतं.

कुठलं नाव जास्त चालतं हे कळलं की तेच टायटलमध्ये आणि मुख्य मथळ्यात घ्या. दुसरं नाव पहिल्या परिच्छेदात आणि पत्त्यात एकदा येऊ द्या. 'डिचोली, म्हणजे पाटीवरचं बिचोलिम' इतकं साधं वाक्य पुरतं. प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान करू नका. पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या मेटा कीवर्डच्या टॅगमध्ये पंधरा स्पेलिंगं कोंबण्याचा सल्ला आजही दिला जातो. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलं आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवायला गूगलची हरकत नाही, पण लिंक कॉपी करताना देवनागरीचं एक अक्षरचिन्ह नऊ चिन्हांचं होतं. नुसतं 'पेडणे' पंचेचाळीस चिन्हं घेतं. व्हॉट्सअॅपवर लिंक फिरणार असेल तर रोमन पत्ता बरा.

आकड्यांकडे येऊ, कारण तारा इथे कापला. क्लिक, इंप्रेशन, सीटीआर (इंप्रेशनपैकी किती क्लिक झाले ते प्रमाण) आणि सरासरी स्थान असे चार आकडे मिळतात. यातलं सरासरी स्थान फार फसवं. समजा, एका शोधात तुमचं पान १०० वेळा दुसऱ्या जागी दिसलं. सरासरी २. पुढच्या महिन्यात तेच पान आणखी एका नव्या शोधात ३०० वेळा तिसाव्या जागी दिसू लागलं. सरासरी झाली २३. पान आधीपेक्षा जास्त लोकांना दिसतंय, जुनी जागाही शाबूत आहे, तरी आलेख कोसळलेला. सबंध साइटचं सरासरी स्थान बघूच नये; एक शोध आणि एक पान अशी जोडी निवडून बघावं.

दुसरी अडचण लपवलेल्या शोधांची. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणाच्या कारणाने यादीत दाखवत नाही. त्यामुळे वरचा एकूण आकडा आणि खालच्या ओळींची बेरीज जुळत नाही. मोठ्या साइटला याचं काही वाटत नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका होमस्टेच्या साइटला मात्र ज्या शोधांची सर्वात जास्त गरज, तेच नेमके झाकलेले असतात. शिवाय पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त १००० ओळी, आणि तारखा रोजच्या रिपोर्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे. आपल्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा तिथे शनिवार चालू असतो, म्हणून 'रविवारी किती लोक आले' याचं उत्तर इथे शोधू नका.

सगळ्यात मोठा घोटाळा हंगामाचा. हिशेब १६ महिन्यांचाच राहतो. ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी केली की गोव्यातली जवळपास कुठलीही पर्यटनाची साइट वर चढलेली दिसणार, कारण लोकच गोवा शोधायला लागलेले असतात. एजन्सीचा रिपोर्ट नोव्हेंबरात येतो आणि हिरवे बाण दाखवतो ते बऱ्याचदा यामुळे. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी मागा. त्यातही चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सरकते: २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. माटोळीचं सामान, मखरं, नेवऱ्या विकणाऱ्याने 'मागच्या वर्षीचा तोच काळ' हे तयार बटण दाबलं तर अकरा दिवसांचा फरक पडतो आणि धंदा उगाच वाढल्याचा किंवा बसल्याचा भास होतो. कस्टम तारखा घालून चवथीआधीचे २१ दिवस दोन्ही वर्षांत मोजा. आणि दर महिन्याच्या एक तारखेला एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाशी तुलनेला फारसं काही उरणार नाही.

गूगल मॅप्सवरच्या तुमच्या ठिकाणाचे फोन कॉल आणि रस्ता विचारणारे इथे मोजले जात नाहीत. ते बिझनेस प्रोफाइलच्या वेगळ्या हिशेबात असतात. खानावळीचं बहुतेक गिऱ्हाईक तिकडूनच येतं, हे धरून चाला.

'पेजेस' नावाचा रिपोर्ट कुठली पानं गूगलच्या नोंदीत गेली आणि कुठली का नाही हे सांगतो. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळला, पण गूगल अजून तिथे आलंच नाही. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे आलं, वाचलं आणि घेतलं नाही. दुसऱ्या प्रकारात 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' पुनःपुन्हा दाबून उपयोग नसतो. गोव्यात याचा ठरलेला नमुना टॅक्सीवाल्यांच्या साइटवर भेटतो: मोरजी टॅक्सी, मांद्रे टॅक्सी, आश्वे टॅक्सी, केरी टॅक्सी, चाळीस पानं, मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. गूगलच्या स्पॅम नियमांत अशा पानांना डोअरवे म्हणतात. ती चाळीस काढून एकच पान ठेवा आणि त्यात मोपा विमानतळापासून प्रत्येक गावाचं अंतर, रात्रीचा दर, फेरीघाटाने जायचं की पुलावरून, हे लिहा.

पान नोंदीत अजिबातच नसेल तर आधी एक खूण तपासा. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मज्जाव करणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक केलेली असते आणि उद्घाटनाच्या गडबडीत तशीच राहते. रिपोर्टमध्ये कारण 'नोइंडेक्स' (पान नोंदीत घेऊ नका ही सूचना) असं आलं की हाच संशय घ्या. नोइंडेक्स आणि रोबोट्स फाइल (कुठली पानं गूगलने उघडायची नाहीत ते सांगणारी) यांत गल्लतही होते. रोबोट्सने दार बंद केलं तर गूगलला आतली नोइंडेक्सची सूचना वाचताच येत नाही, आणि जे पान लपवायचं तेच नुसत्या पत्त्याने निकालात दिसू शकतं.

मराठी साइटवर 'यूआरएल इन्स्पेक्शन'ची खरी किंमत कळते. पत्ता टाकून 'व्ह्यू क्रॉल्ड पेज' उघडा आणि गूगलला मिळालेला एचटीएमएल वाचा. देवस्थानांच्या आणि जुन्या संस्थांच्या साइटवर मजकूर शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असतो. डोळ्यांना छान देवनागरी दिसते, पण खाली असतात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी, आणि गूगल तीच वाचतं. पालखीचा मार्ग, जत्रेची तारीख, अभिषेकाचे दर सगळं पानावर असूनही शोधात सापडत नाही. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, फिरवणं. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. 'सर्व', 'दर्शन', 'श्री' हे शब्द आधी बघा. मेन्यूचा फोटो लावणाऱ्या खानावळीचं दुखणं याच जातीचं. तिसऱ्याचं सुकं, सुंगटाची आमटी, सोलकढी हे शब्द मजकूर म्हणून पानावर हवेत.

साइटमॅपबद्दल, म्हणजे गूगलला द्यायच्या पत्त्यांच्या यादीबद्दल, थोडक्यात: एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा, म्हणजे तुम्हाला चिंता नाही. प्रायॉरिटीचे आकडे गूगल बघत नाही. बदलाची तारीख खरी असेल तर बघतं. वेगाच्या रिपोर्टमध्ये लहान साइटला बहुधा 'पुरेसा डेटा नाही' एवढंच दिसतं. तेव्हा पेजस्पीड इनसाइट्सवर चाचणी घ्या आणि पानावरचा मोठा फोटो २.५ सेकंदांच्या आत दिसतो का ते पाहा. समुद्राचा चार एमबीचा फोटो २०० केबीवर आणला की अर्धं काम होतं.

शेवटचा मुद्दा हक्कांचा. खातं धंद्याच्या मालकाच्या जीमेलवर उघडा आणि एसईओवाल्याला 'युजर्स अँड परमिशन्स'मधून 'फुल' हक्क द्या, 'ओनर'चे नव्हे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला तेही नको. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. काम संपल्यावर यादीतून नाव काढणं पुरेसं नाही. त्याने साइटवर टाकलेली व्हेरिफिकेशनची फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएसमधली ओळही शोधून काढा. ती राहिली तर तो माणूस कधीही परत येऊन मालक म्हणून आत शिरू शकतो.