जलपर्णी: टोपल्या विणायच्या की खत करायचं?

ठाण्यातल्या दिवा भागातल्या एका बचत गटातल्या ताईंनी परवा विचारलं, "जलपर्णी फुकट मिळते, तर टोपल्या विणू की खत करू?" आमच्या कळव्याच्या गटाने दोन्ही करून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाजारभाव नंतर बघा, ताई. आधी ती कुठल्या पाण्यात वाढली ते बघा.

जलपर्णी पाण्यातलं मिळेल ते शोषून घेते, शिसं आणि कॅडमियमसुद्धा. हे जड धातू मुळांत जास्त साठतात, देठांत त्यामानाने कमी. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी घेऊन कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिथल्या जलपर्णीचं मुळासकट खत केलं, तर कुजताना ढीग आटतो, पण धातू कुठे जात नाहीत. उरलेल्या खतात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय असलं खत पालेभाजीला घालू नका. कुंडीतल्या जास्वंदीला घाला, कढीपत्त्याला नको.

स्वच्छ तळ्यातली जलपर्णी असेल तर खतासारखं सोपं काम नाही. बारीक चिरायची, एक दिवस पाणी निथळू द्यायचं, सुका पाला आणि शेणकाला घालून थर लावायचे, अधूनमधून ढीग उलटायचा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत चाळायला येतं. ढीग आतून चांगला तापला पाहिजे, नाहीतर बिया जिवंत राहतात. तळाच्या गाळात त्या वीस वर्षंही तग धरतात. आणि उरलेलं पुन्हा पाण्याकाठी टाकू नका, एका तुकड्यापासूनही नवं रोप फुटतं.

विणकामाला मात्र वेळ, जागा आणि ऊन तिन्ही लागतं. पहिली गोष्ट देठाची निवड. मोकळ्या पाण्यात कडेला तरंगणाऱ्या रोपांचे देठ आखूड आणि फुग्यासारखे असतात, ते वेणीला निरुपयोगी. दाट गर्दीत वाढलेले देठ उंच, सडपातळ होतात, तेच कापायचे. आम्ही दहा किलो ओले देठ वाळवले, तर हातात जेमतेम सहाशे ग्रॅम आले, कारण या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. गच्चीवर आठवडाभर ऊन खाऊन देठ बदामी रंगाचे झाले, की लाटण्याने दाबून चपटे करायचे, मग तीनपेडी वेणी घालून साच्याभोवती गुंफायची.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. जूनमध्ये भरपूर देठ आणले आणि जिन्याखाली ठेवले. जुलैत पोतं उघडलं तर पांढरी बुरशी आणि कुबट वास; सगळं फेकलं. तेव्हापासून कापणी आणि वाळवणी डिसेंबर ते मेमध्येच, पावसाळ्यात फक्त वाळलेल्या देठांचं विणकाम, तेही पंख्याखाली.

हात बसायला आम्हाला दोन महिने लागले, पण पैसा खतापेक्षा टोपलीतच जास्त. आसाममध्ये गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या तळ्याकाठच्या मुलींनी याच देठांच्या योगासनाच्या चटया विणल्या आणि त्या देशभर गाजल्या. आपल्याकडे दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी टोपल्यांची मागणी पुरी करताना आमची धांदल उडते.

बायोगॅसचंही विचारतात. गॅस होतो, पण पाला टाकीत वर तरंगतो, चिरून शेणाबरोबरच घालावा लागतो. चार बायकांच्या गटाला टाकीचा खर्च झेपत नाही.

तर मी काय करेन? उल्हासची जलपर्णी असेल आणि गच्ची मिळत असेल, तर देठांच्या टोपल्याच. मुळं आणि पानं शेतात जाऊ देणार नाही. तळं सांडपाण्यापासून लांब असेल आणि वाळवायला जागा नसेल, तर खत. दोन्ही जमत असेल तर देठ विणायला, बाकीचं कुजवायला, पण तपासणीनंतरच.

खाडीकडे मात्र कोयता घेऊन जाऊ नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथलं गवतही तोडायचं नाही. तशीही जलपर्णी खाऱ्या पाण्यात टिकत नाही. नदीतून काढायची असेल तर पालिकेची परवानगी घ्या. सफाईच्या वेळी काठावर काढून ठेवलेला ढीग मागून घेतला, तर पाण्यात उतरायचीही गरज पडत नाही.